छत्तीस मशीन, एक लाईन आणि ‘एपीटी-कॅशर-एनजी’

आमच्या लॅबच्या प्रत्येक प्रॅक्टिकल शीटवर पहिली ओळ ठरलेली असते: ‘सुडो एपीटी अपडेट’. (एपीटी म्हणजे उबुंटू, डेबियन या लिनक्स प्रणालींवर सॉफ्टवेअर उतरवून बसवणारा प्रोग्राम.) पुढे वेब सर्व्हर बसवायचा असो, डेटाबेस असो की नुसता सी कंपायलर, सुरुवात हीच. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढावा तशी मुलं ती ओळ टाकतात, का म्हणून कुणी विचारत नाही. सोमवारी सव्वादहाची बॅच, छत्तीस मुलं, छत्तीस एंटर, आणि दोन मिनिटांत ऑफिसातून इंटरकॉम वाजतो: “मॅडम, स्कॉलरशिपचे फॉर्म अपलोड होत नाहीयेत. तुमच्या पोरांनी खाली काही चालू केलंय का?”

केलेलं असायचं. ‘असायचं’ म्हणते, कारण आता तो इंटरकॉम वाजत नाही. ज्याच्यामुळे वाजत नाही त्या ‘एपीटी-कॅशर-एनजी’ या सॉफ्टवेअरबद्दल हे लिहितेय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट आहे. लॅबमध्ये उबुंटू २२.०४ ची ३६ मशीन, आणि कोपऱ्यात भंगारात जाता जाता वाचवलेला चार जीबी रॅमचा एक जुना आय-थ्री, त्यावर सध्या डेबियन १२. अख्ख्या कॉलेजला मिळून १०० एमबीपीएसची एक लाईन. ती कागदावर शंभर, प्रत्यक्षात निम्मी, आणि पावसाळ्यात ग्रामदेवतेच्या मर्जीवर. ‘एपीटी-कॅशर-एनजी’ गेली तीन वर्षं त्या आय-थ्रीवर चालू आहे. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, डेबियन आणि उबुंटू दोन्हींच्या रेपोमध्येच, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरच्या कोठारातच, मिळतं. एडुआर्ड ब्लॉख नावाच्या माणसाने सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय. माझ्याकडची आवृत्ती ३.७.४.

आधी थोडं त्या अपडेटबद्दल, कारण सगळी गोम तिथेच आहे. बऱ्याच मुलांना, आणि खरं सांगायचं तर दोन सरांनाही, वाटतं की या कमांडने सॉफ्टवेअर अपडेट होतं. होत नाही. फक्त याद्या येतात: रेपोमध्ये आज कोणतं पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) आहे, कितवी आवृत्ती, आकार किती, त्याला सोबत काय काय लागतं, हॅश (फाईलीच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) काय. मशीन सगळ्यात आधी प्रत्येक विभागाची ‘इनरिलीज’ नावाची फाईल मागतं. ही सही-शिक्क्याची फाईल, २२.०४ च्या मूळ विभागाची साधारण २७० केबीची. बाकी सगळ्या याद्यांचे हॅश तिच्यात लिहिलेले असतात. ती बदललेली नसेल तर सर्व्हर ‘बदल नाही’ एवढंच सांगतो, पडद्यावर ‘हिट’ उमटतं, काम संपलं. बदललेली असेल तर मशीन हॅश ताडून बघतं आणि ज्या याद्या बदलल्या तेवढ्याच उतरवतं.

काटकसर चांगली आहे. ग्यानबाची मेख अशी, की उबुंटूच्या यादीत एका पॅकेजची एक ओळ बदलली तरी ती यादी अख्खी परत आणावी लागते. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांना ‘पीडिफ’ मिळतात, म्हणजे कालच्या यादीत आज काय बदललं तेवढाच तुकडा. तो तुकडा युनिक्सच्या अगदी जुन्या ‘ईडी’ या एडिटरच्या भाषेत असतो: अमुक ओळ काढा, तमुक ओळीनंतर हे घाला. हल्ली ईडी म्हटलं की लोकांना भलतंच आठवतं, पण पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या एडिटरची भाषा आजही दिवसातून चार वेळा हजारो मशीनच्या याद्या दुरुस्त करतेय हे मला कळलं तेव्हा मी चहा घ्यायची थांबले होते. उबुंटूला ही सोय नाही. त्यामुळे आमच्या लॅबला तिचा उपयोग शून्य.

आता हिशेब बघा. २२.०४ चा मूळ विभाग २१ एप्रिल २०२२ ला गोठला. त्यातल्या ‘युनिव्हर्स’ या उपविभागाची यादी एकटीच १४ एमबीच्या आसपास, पण ती एकदा आली की आली, पुन्हा बदलत नाही. रोज हलतात त्या ‘अपडेट्स’ आणि ‘सिक्युरिटी’च्या याद्या, आणि आवृत्तीला वर्षं होत जातात तशा त्या फुगत जातात. नव्या मशीनच्या पहिल्या अपडेटला तीसेक एमबी सहज लागतात. गुणिले छत्तीस, म्हणजे एक जीबीच्या वर, आणि अजून एकही सॉफ्टवेअर बसलेलं नाही! नुसती मेनूकार्डं वाटण्यात लाईन दमली.

मी पहिला उपाय केला तो साफ चुकला. ‘एपीटी-मिरर’ घेतलं. कल्पना अशी की अख्खा रेपोच आपल्याकडे उतरवून ठेवायचा आणि मुलांनी तिथून घ्यायचं. त्यासाठी शेकडो जीबी जागा लागते, म्हणून डिस्क मागितली. खरेदी समितीने तीन कोटेशनं मागितली. चौथ्या महिन्यात डिस्क आली. मग रात्री लावून ठेवायचं, सकाळी बघायचं, असं पाच दिवस केलं. दोनदा लाईट गेली. सहाव्या दिवशी मी शांतपणे बसून मोजलं की आमच्या सगळ्या विषयांना मिळून लागतात ती पॅकेजेस दोन-अडीचशे, आणि मी उतरवत होते हजारो. घरात चार माणसं आणि मी लग्नाचा शिधा भरत होते.

त्या पाच दिवसांत एक गोष्ट मात्र पक्की कळली. अर्धवट भरलेल्या त्या मिररवरून मी दोन मशीन चालवून बघायचा शहाणपणा केला. याद्या नव्या आलेल्या, यादीतली पॅकेजेस मात्र अजून वाटेत, त्यामुळे पडद्यावर ‘४०४’ची, म्हणजे ‘फाईल सापडली नाही’ची, रांग. मिरर भरताना क्रम महत्त्वाचा असतो. डेबियनची स्वतःची ‘एफटीपीसिंक’ ही स्क्रिप्ट काम दोन टप्प्यांत करते: आधी पॅकेजेस आणते, नंतर याद्या, आणि जुनं काढून टाकायचं ते सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर खानावळीच्या पाटीवर ‘सुरमई थाळी’ लिहिलेली आणि होडी अजून बंदराला लागायचीय, तशी गत होते.

कॅशरचा विचार वेगळा आहे. तो आधीपासून काहीच भरून ठेवत नाही. कुणी मागितलं की बाहेरून आणतो, देतो, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवतो. दुसऱ्याने तेच मागितलं की घरातलं काढून देतो. पॅकेज फाईल एकदा आली की बदलत नाही, त्यामुळे ती बिनधास्त साठवायची. इनरिलीजसारख्या फाईली बदलत्या, त्यांच्याबाबतीत दर वेळी वरच्या सर्व्हरला ‘माझ्याकडे अमुक वेळेची प्रत आहे, त्यानंतर काही बदललं का?’ असं विचारायचं. हा फरक त्याला पहिल्या दिवसापासून कळतो. मी आधी साधा ‘स्क्विड’ प्रॉक्सी (मशीन आणि इंटरनेट यांच्या मधे बसणारा मध्यस्थ) लावून पाहिला होता. त्याला हे सगळं आपण शिकवावं लागतं, आणि मी नीट शिकवलं नव्हतं.

बसवायला दहा मिनिटं लागली. सर्व्हरवर एक पॅकेज, आणि प्रत्येक मशीनच्या एपीटी कॉन्फिग फोल्डरमध्ये एका ओळीची फाईल: प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट ३१४२. (पाय, तीन दशांश स्थळांपर्यंत. मुलांना हा आकडा कधी विसरायला झाला नाही.) बसवताना ते एक प्रश्न विचारतं: एचटीटीपी टनेलला, म्हणजे कुलूपबंद माल न उघडता आरपार जाऊ द्यायला, परवानगी द्यायची का? मी न वाचता ‘नाही’ म्हटलं. त्याची शिक्षा पुढे मिळाली, सांगते.

पहिल्या सोमवारी मी मुद्दाम सर्व्हरच्या शेजारी स्टूल टाकून बसले होते. सव्वादहा वाजले, छत्तीस एंटर पडले, आणि बाहेरच्या लाईनवर अगदी थोडी हालचाल झाली. इथे या सॉफ्टवेअरचा मला सगळ्यात आवडलेला गुण दिसतो. पहिल्या मुलाने मागितलेली फाईल बाहेरून येत असतानाच ती मागणाऱ्या बाकीच्या पस्तीस जणांनाही तो तिथूनच वाढतो. आधी पूर्ण उतरू दे मग देतो, असं करत नाही, आणि छत्तीस वेळा बाहेर धावतही नाही. आत सगळं गिगाबिट स्विचवर. सगळ्या मशीनवर ‘रीडिंग पॅकेज लिस्ट्स’ जवळजवळ एकदम आलं. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, “मॅडम, झालं? की एरर आली?” इतक्या लवकर काही झालेलं त्याने पाहिलंच नव्हतं.

दुसरी सोय मला महिनाभराने लक्षात आली. मुलांच्या लॅपटॉपवर कुणाचा रेपो भारताच्या मिररचा, कुणाचा मुख्य सर्व्हरचा, कुणी कुठल्या व्हिडिओत बघून तिसराच टाकलेला. कॅशरकडे अशा मिररांची यादी आधीपासून असते आणि पत्ते वेगळे असले तरी माल एकच हे तो ओळखतो. उबुंटूचं सगळं एकाच फोल्डरमध्ये जातं. तीन पत्त्यांवरून मागितलेलं एकच पॅकेज तीनदा येत नाही.

फेडोरावाल्या (तीही लिनक्सच, पण एपीटी न वापरणारी) एका सरांना मात्र मी हात जोडले. तिथे मशीन ‘मेटालिंक’ या मिररांच्या यादीमधून दर वेळी वेगळा मिरर निवडू शकतं, त्यामुळे कॅशला काही लागू पडेलच असं नाही. शिवाय फेडोराने आपल्या याद्यांचा भार बराच कमी केलाय, फाईलींच्या याद्या तर आवृत्ती ४० पासून मुळात उतरवतच नाहीत. सर म्हणाले, मग मला तुमची गरज नाही. खरंच नाही.

आता तक्रारी. पहिली पूर्ण कॅशरची नाही, पण त्याने त्यात हातभार लावला.

आमच्याकडे फायरवॉल आहे, आणि तिला ठरावीक वेळाने लॉगिन लागतं. एका सोमवारी छत्तीसच्या छत्तीस मशीनवर एकच लाल ओळ: सहीची फाईल व्हॅलिड नाही, ‘नोस्प्लिट’ असं काहीतरी मिळालं, आणि पुढे एक भोळा प्रश्न, नेटवर्कला लॉगिन लागतं का? झालं असं होतं की रविवारी रात्री लॉगिनची मुदत संपली. सर्व्हरने इनरिलीज मागितली, फायरवॉलने त्या जागी लॉगिनचं पान दिलं, तेही ‘सगळं ठीक’ असं सांगून. कॅशरने ते निमूट घेतलं, इनरिलीज म्हणून फडताळात ठेवलं आणि सकाळी छत्तीस जणांना वाढलं. मी लॉगिन केलं तरी मशीनं तेच रडत होती. ती फाईल कॅशमधून हाताने उडवली तेव्हा कुठे सुटका झाली. कायमचा उपाय म्हणून सर्व्हरचा आयपी लॉगिनमधून वगळून घेतला. त्याला अर्ज, सही, आणि ‘का वगळायचा’ याचं अर्धं पान स्पष्टीकरण लागलं.

या प्रसंगात मशीनांनी मात्र शाबासकी मिळवली. लॉगिनच्या पानावर सही कुठून असणार? एपीटीने ते नाकारलं आणि जुनी यादी तशीच ठेवली. आमचे एक सर नेहमी विचारतात, हे सगळं साध्या एचटीटीपीवरून, कुलूप नसताना, कसं चालतं? उत्तर हेच आहे. इनरिलीजवर सही, इनरिलीजमध्ये यादीचा हॅश, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. मधल्या कुणी एक अक्षर बदललं तर साखळी तुटते, त्यामुळे मधे आमच्यासारखा कॅश बसवायला हरकत नसते. अगदी बिनधोक आहे असंही मी म्हणणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये खुद्द एपीटीतच एक भोक सापडलं होतं, ज्यातून मधे बसलेला माणूस आपला माल घुसवू शकला असता. ते लगेच बुजवलं गेलं. सर अजून दर सेमिस्टरला तोच प्रश्न विचारतात.

‘हॅश सम मिसमॅच’ हे जुनं दुखणं आता फारसं दिसत नाही. पूर्वी मशीनने इनरिलीज घेतली आणि यादी घ्यायच्या आत वर यादी बदलली, की दोघींचं जुळायचं नाही. २०१६ च्या सुमारास एपीटीमध्ये ‘बाय-हॅश’ पद्धत आली. त्यात यादी तिच्या हॅशच्याच नावाने मागितली जाते, त्यामुळे जुनी आणि नवी दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. तीन वर्षांत मला ही एरर दोनदा दिसली. दोन्ही वेळा मशीनवरच्या जुन्या याद्या पुसून पुन्हा आणल्या की काम झालं.

दुसरी तक्रार खास कॅशरची, आणि ती मी माफ केलेली नाही. रोज रात्री तो साफसफाई करतो: ज्या फाईलीचं नाव आता कुठल्याच यादीत नाही, ती काही दिवस थांबून काढून टाकायची. त्यासाठी त्याला आधी सगळ्या याद्या ताज्या करून घ्याव्या लागतात. त्यातली एक जरी मिळाली नाही तरी तो सफाईच थांबवतो. चुकून चांगला माल फेकला जाऊ नये म्हणून ही खबरदारी, हे मला कळतं. पण झालं काय, की एका मुलाच्या लॅपटॉपवर उबुंटू २३.१० होतं. त्याने दोन-चारदा आमच्यातून अपडेट केलं, त्याच्या याद्या आमच्या फडताळात आल्या. जुलै २०२४ मध्ये २३.१० ची मुदत संपली आणि पुढे तिचा माल नेहमीच्या जागेवरून हलून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर गेला. तेव्हापासून रोज रात्री कॅशर त्या याद्या मागायचा, त्याला ‘४०४’ मिळायचं, आणि तो हात झटकून झोपायचा. मला पत्ता नाही. गणपतीच्या सुट्टीनंतर आले तर डिस्क शंभर टक्के भरलेली. एवढा वेळ तो फक्त साठवत होता, काढत काहीच नव्हता.

अहवालाचं पान त्याचं एक आहे, ब्राउझरमध्ये उघडतं. त्यावर किती मागण्या घरातून भागल्या आणि किती बाहेरून आणल्या हे दिसतं, सफाई हाताने चालवायची सोयही तिथेच. दिसायला ते पान अगदी बाबा आदमच्या काळचं. तिथे मी सफाई चालवली तेव्हा त्याने लाल अक्षरांत प्रामाणिकपणे सांगितलं की अमुक याद्या मिळत नाहीत म्हणून थांबतोय. पण हे त्याने मला दीड महिना आधी का सांगितलं नाही? एखादी मेल, काहीतरी? आता मी दर शुक्रवारी दुपारी, बॅच सुटल्यावर, ते पान उघडून बघते. मेलेल्या आवृत्तीचं फोल्डर दिसलं की काढते.

तिसरी गोष्ट त्या न वाचता दिलेल्या ‘नाही’ची. मुलांना हवा तो कोड एडिटर, ब्राउझर, डॉकर, यांचे रेपो एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूप लावलेल्या एचटीटीपीवर, असतात. प्रॉक्सी लावलेल्या मशीनवर त्यांचं अपडेट केलं की कॅशर म्हणायचा, टनेल बंद आहे, ॲडमिनला विचारा. ॲडमिन मीच. टनेल उघडला की ते चालतात, पण मग कॅश काहीच होत नाही, कुलूपबंद पेटी आरपार जाते. यावर एक युक्ती आहे. मशीनवर रेपोचा पत्ता साधा एचटीटीपी करून त्यात ‘एचटीटीपीएस’ हा शब्द आणि तीन तिरप्या रेघा घालायच्या, मग कुलूप कॅशर स्वतः उघडतो आणि फाईल ठेवून घेतो. चालते, पण ती ओळ बघून कुणालाही ‘टायपो झालाय’ असं वाटतं. माझ्या रजेच्या दिवशी एका मदत करणाऱ्या मुलाने ती सहा मशीनवर ‘दुरुस्त’ करून ठेवली होती.

आणि स्नॅप (उबुंटूची सॉफ्टवेअर वाटायची दुसरी, एपीटीबाहेरची पद्धत) यात येतच नाहीत. २२.०४ वर फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, त्याचा रस्ता वेगळा. छत्तीस मशीनना ब्राउझर बदलायचा असेल तर मी एकदा उतरवून पेनड्राईव्हने फिरते. तीच गोष्ट पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या ‘पिप’ची. हे कॅशरचं काम नाही हे मान्य, पण नवख्या माणसाने कॅश लावला म्हणजे सगळं भागलं असं समजू नये.

याउलट एका पावसाळ्यात त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. हायवेच्या चौपदरीकरणात जेसीबीने फायबर तोडली, आणि वर सलग पाऊस, त्यामुळे जोडणारे लोक खड्ड्यात उतरायला तयार नाहीत. नऊ दिवस नेट नव्हतं. कॅशरच्या सेटिंगमध्ये ‘ऑफलाइन मोड’ नावाची एक ओळ आहे. ती चालू केली की तो बाहेर जायचा प्रयत्नच सोडतो आणि असेल ते देतो. मुलांची वेब सर्व्हरची प्रॅक्टिकल त्या नऊ दिवसांत ठरल्याप्रमाणे झाली. शेजारच्या लॅबमध्ये तेव्हा सीडीवरची जुनी जर्नल्स पूर्ण करून घेत होते.

त्यातली एक गंमत. उबुंटूची मशीनं नऊही दिवस गप्प चालली, पण आठव्या दिवशी स्टाफरूममधल्या डेबियनच्या दोन मशीनांनी ‘रिलीज फाईल एक्स्पायर झाली’ म्हणून तोंड फिरवलं. डेबियनच्या सिक्युरिटी विभागाच्या इनरिलीजवर सात दिवसांची मुदत छापलेली असते, दुधाच्या पिशवीसारखी. हेतू असा की कुणी तुम्हाला खरी सही असलेली पण शिळी यादी देत राहून नव्या दुरुस्त्या लपवू नये. उबुंटू ती मुदत छापत नाही. अडचणीच्या वेळी मला उबुंटू बरं वाटलं, नंतर विचार केल्यावर डेबियन. त्याच आठवड्यात सतरा नंबरच्या मशीनने उलटीच तक्रार केली: ही फाईल अजून लागूच झालेली नाही, थांबा. त्याची मदरबोर्डवरची बॅटरी गेलेली, घड्याळ मागे पडलेलं. आमच्या शिपाईमामांना बाजारातून सीआर २०३२ (ती गोल बॅटरी) आणायला पाठवलं, पन्नास रुपयांत यादी ‘लागू’ झाली.

कॅशर घेण्याच्या आधी एक करा, आणि मला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं: याद्याच कमी करा. आमच्या मशीनवर ३२-बिटची शाखाही चालू होती. त्या शाखेचं एकही पॅकेज आम्ही वापरत नव्हतो, तरी तिच्या याद्या रोज येत होत्या. ती काढली. पॅकेजांच्या लांबलचक इंग्रजी वर्णनांच्या याद्या बंद केल्या, मुलं ती वाचत नाहीत. सॉफ्टवेअर सेंटरची चित्रं आणि माहिती, ज्याला ‘डेप-११’ म्हणतात, तीही बंद. त्यामुळे सॉफ्टवेअर सेंटर अर्धं रिकामं दिसतं, दिसू दे. ‘कमांड सापडली नाही, हे बसवून बघा’ असं सुचवणारी यादी मात्र ठेवली, कारण नवशिक्या मुलाला पहिला धीर तीच देते.

एक चूक माझी, कॅशरची नव्हे. सगळी मशीनं एकाच प्रतीवरून क्लोन केलेली, त्यामुळे सगळ्यांची मशीन-आयडी एकच. हे बरोबर नाही म्हणून मी प्रत्येकीला वेगळी दिली. पुढच्याच आठवड्यात मुलं भांडायला: “मॅडम, तिच्याकडे अपडेट आलं, माझ्याकडे ‘केप्ट बॅक’ का?” उबुंटू काही अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं आणि कुणाचा नंबर कधी लागणार ते या आयडीवरून ठरतं. यादी सगळ्यांना तीच मिळालेली असते. मी तासभर कॅशरला शिव्या घालत त्याच्या फाईली तपासल्या, मग कळलं. एपीटीला ‘टप्पे सोड, सगळं घे’ असं सांगायचं सेटिंग आहे, ते लावलं.

लॅपटॉप घरी नेणाऱ्यांसाठी एक सूचना: प्रॉक्सीचा पत्ता पक्का लिहून ठेवाल तर घरी अपडेट अडकेल. त्यापेक्षा छोटी स्क्रिप्ट लावायची, जी आधी आमचा सर्व्हर आहे का बघते आणि नसेल तर ‘डायरेक्ट’ म्हणते. ‘ऑटो-एपीटी-प्रॉक्सी’ नावाचं तयार पॅकेजही हेच करतं.

गुण द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा त्या मुक्या सफाईसाठी कापला आणि अर्धा लॉगिनचं पान निमूट गिळल्याबद्दल. दहा-वीस किंवा त्याहून जास्त मशीन एकाच जागी, एकाच जातीची, आणि लाईन तोकडी असेल तर डोळे मिटून लावा. घरी दोन लॅपटॉप असतील तर भानगडीत पडू नका. आणि प्रत्येक वेळी नेमक्या त्याच आवृत्त्या हव्या असतील, म्हणजे परीक्षेच्या दिवशी सगळीकडे अगदी तेच, तर ‘ॲप्टली’ बघा. त्यात रेपोचा अमुक तारखेचा फोटो काढून ठेवता येतो. मी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ऑफलाइन मोड लावून तेच काम गावठी पद्धतीने भागवते.

२४.०४ वर जायचं या उन्हाळ्यात ठरलंय. बेत असा: एका मशीनवर आधी सगळं बसवून कॅश गरम करून घ्यायचा, मग उरलेली पस्तीस एका दुपारी. मामांना सांगून ठेवलंय की त्या दिवशी पंखा सर्व्हरकडे फिरवायचा. पहिल्या पावसाच्या आत व्हायला हवं, हायवेवर पुन्हा जेसीबी दिसायला लागलेत.